निवडीचा खेळ आणि नार्व्याचा दगड

गेल्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून आठ दिवस राहायला आला होता. आम्ही त्याच्या वयात आजोळी जायचो तेव्हा पिशवीत दोन जोडी कपडे आणि एक पत्त्यांचा कॅट असायचा. याच्या पाठपिशवीत लॅपटॉप. दुपारी जेवून घरातली माणसे आडवी झाली की हा सोप्यावर बसून तासन् तास खेळत असे. मला त्या खेळात आधी काही रस नव्हता. गोळीबार, अंतराळयाने, चित्रविचित्र प्राणी... एवढेच दुरून दिसायचे.

एक दिवस चहा घेऊन गेलो तर खेळ थांबलेला. पडद्यावर काही हलत नव्हते आणि हा हनुवटीला हात लावून बसलेला.

"काय रे, बिघडला की काय?"

"नाही मामा. ठरवायचंय. दोघांतला एकच वाचवता येतो."

"मग टाक कुणालाही. खेळच तर आहे."

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने शेजारी बसलो. त्या दुपारपासून मी त्याचा प्रेक्षक झालो आणि तिथूनच हा लेख सुरू झाला. वाचक म्हणतील, इतिहासाच्या पानावर हे काय? पण थोडा धीर धरा, आपल्याला शेवटी नार्व्यालाच जायचे आहे.

खेळाचे नाव 'मास इफेक्ट'. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने याचा पहिला भाग २००७ साली काढला, दुसरा २०१० साली, तिसरा २०१२ साली. हे तिन्ही डागडुजी करून २०२१ साली एकत्र आले, भाचा खेळत होता ते हेच. गोष्ट बाविसाव्या शतकातली. आपण शेपर्ड नावाचे कमांडर. पुरुष व्हायचे की स्त्री, हेही आपणच ठरवायचे. नॉर्मंडी नावाचे यान, त्यावर नाना ग्रहांचे साथीदार आणि आकाशगंगेवर येणारे एक मोठे अरिष्ट. कोणी बोलले की आपण काय उत्तर द्यायचे ते पर्यायांतून निवडायचे. गोड बोलायचे, दरडावायचे की गप्प बसायचे? खेळ ते लक्षात ठेवतो, आणि पहिल्या भागात केलेली निवड तिसऱ्या भागात दारात येऊन उभी राहते.

मला वाटले होते, खेळणारी मुले लढायांविषयी बोलत असतील. भाचा आणि त्याचे मित्र फोनवर बोलायचे ते माणसांविषयी. गॅरस हा पोलिसातली नोकरी सोडून आलेला, नियमांना कंटाळलेला. ताली ही कायम मुखवट्यात, कारण तिच्या लोकांना उघडी हवा सोसत नाही. रेक्स म्हणजे म्हातारा लढवय्या, ज्याच्या जमातीत मुले जगतच नाहीत. हे लोक त्यांच्या बोलण्यात घरच्यांसारखे येत. तालीचा चेहरा तर दोन भागांत दिसलाच नाही. तिसऱ्या भागात एका छायाचित्रात दिसला, आणि ते बाजारात विकत मिळणारे तयार चित्र थोडेफार बदलून वापरलेले निघाले. खेळाडू भयंकर चिडले. पाच वर्षे मनात जपलेला चेहरा, आणि असा उरकून टाकलेला! २०२१ च्या आवृत्तीत ते चित्र बदलावे लागले.

तर त्या दुपारचा पेच. पहिल्या भागात व्हर्मायर नावाचा ग्रह येतो. तिथे ॲश्ली आणि केडन हे दोन साथीदार दोन जागी अडकतात, वेळ एकाकडेच जाण्यापुरता असतो. तिसरी वाट नाही. गोड बोलून सुटका नाही, पैसे देऊन नाही. ज्याला सोडाल तो मेला आणि पुढच्या दोन्ही भागांत तो नाही. त्याच ग्रहावर रेक्सही बंदूक उगारून समोर उभा राहतो. तो मात्र वाचू शकतो. आपल्या बोलण्यात वजन असेल तर, किंवा आधी कधीतरी त्याच्या वाडवडिलांचे चिलखत शोधून आणून दिलेले असेल तर. ते चिलखत आणणे हे अगदी बारीकसे काम, पुष्कळ जण ते करतही नाहीत. पण तेच ऐन वेळी कामाला येते. हे मला फार आवडले. गावगाड्यात वाढलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही.

शेवटाविषयी मात्र खेळाडूंचे समाधान झाले नाही. तीन भागांत शेकडो निवडी केल्यावर तिसऱ्याच्या अखेरीस उरले ते जवळजवळ सारखेच तीन शेवट, फरक मुख्यतः रंगांचा. तांबडा, हिरवा, निळा. रागावलेल्या चाहत्यांनी वर्गणी काढून कंपनीला सुमारे चारशे कपकेक पाठवले, तीन रंगांच्या साईचे, आतून चव एकच! टोमणा असावा तर असा. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने शेवट वाढवून फुकट दिला.

आता चुका. या खेळांत चुका असतातच, आणि खेळाडू त्यांची आठवण साथीदारांइतक्याच आवडीने काढतात. पहिल्या भागातली सहा चाकांची गाडी डोंगरावर बेडकासारखी उड्या मारायची. लिफ्ट तर इतक्या संथ की जीव विटावा. पुढचा भाग यंत्राच्या स्मृतीत भरेपर्यंत वेळ काढायची ती युक्ती होती. पण त्या लिफ्टमध्ये उभे राहून साथीदार एकमेकांशी बोलत. दुसऱ्या भागात लिफ्ट गेल्या आणि त्या गप्पाही गेल्या. मग लोक हळहळले. याच मालिकेतला २०१७ चा 'अँड्रोमेडा' तर माणसांच्या निर्जीव डोळ्यांमुळेच चेष्टेचा विषय झाला. 'सायबरपंक' नावाचा दुसऱ्या कंपनीचा खेळ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या चुकांसह आला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. आणि २००४ साली घाईघाईत अर्धवट बाहेर पडलेल्या एका 'स्टार वॉर्स' खेळाचे तुकडे त्याच्याच तबकडीत दडलेले होते. ते चाहत्यांनी शोधून, सांधून खेळ पुरा केला. आपल्या भाषेत याला जीर्णोद्धार म्हणतात.

पण मला सगळ्यांत विलक्षण वाटली ती कॉन्रॅड व्हर्नरची चूक. हा शेपर्डचा एक भाबडा चाहता. पहिल्या भागात तुम्ही त्याची प्रेमाने समजूत काढू शकता किंवा त्याच्या तोंडावर बंदूक रोखून हाकलू शकता. दुसऱ्या भागात तो भेटतो आणि म्हणतो, तू माझ्या तोंडावर बंदूक रोखली होतीस. प्रेमाने वागलेल्यालाही तेच म्हणतो! जुनी नोंद पुढच्या भागात नेताना गफलत झाली होती. लाखो लोकांनी न केलेले कृत्य त्यांच्या नावावर लागले. तिसऱ्या भागात लेखकांनी गंमत केली. कॉन्रॅड स्वतःच येऊन माफी मागतो, मी तुझ्याविषयी चुकीचे बोललो म्हणतो.

चुकीची नोंद, ती खरी मानून चाललेला काळ आणि नंतरची दुरुस्ती. इतिहास वाचणाऱ्याला याहून ओळखीचे काय असणार?

भाच्याला वाटत होते की भूमिका घेऊन खेळणे ही परदेशातली कल्पना. कागदावरचा तसला पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला हे खरे. पण त्याला मी म्हटले, अरे, आमच्या पेडण्यात जत्रेच्या रात्री दुसरे काय चालते? दशावतारात आख्यान कोणते लावायचे ते ठरते, कोणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते, संवाद मात्र लिहिलेले नसतात. गणपती, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार झाला की पुढचे आख्यान पहाटेपर्यंत नटाच्या जिभेवर चालते. समोरच्या राजाने प्रश्न टाकला की उत्तर त्याच क्षणी द्यायचे. सोबतचा नट चुकला तर त्याला सांभाळून घ्यायचे, मिशी सुटली तर तिचेही कारण कथेत बसवायचे. फरक एकच. आख्यानाचा शेवट ठरलेला असतो, मधली वाट नटाची.

आणि नार्व्यात? तिथे शेवटही ठरलेला नव्हता.

दिवाडी बेटावरच्या नार्व्यात सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. गोव्याच्या कदंबांचे हे आराध्यदैवत, त्यांच्या नाण्यांवरच्या बिरुदातसुद्धा याचे नाव येते. चौदाव्या शतकात बहामनी स्वाऱ्यांत देऊळ मोडले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने देवाची पुन्हा स्थापना केली. मग पोर्तुगीज आले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली, त्यांत हेही गेले. लिंगाचा दगड विहिरीवर पाणी ओढायच्या कामी लावला होता, असे सांगतात. भाविकांनी तो गुपचूप नदीपार नेला. पलीकडे भतग्राम म्हणजे आजची डिचोली, तिथे तेव्हा पोर्तुगिजांची सत्ता नव्हती. देवाबरोबर गावाचे नावही पलीकडे रुजले. आज दोन्ही काठांवर नार्वे आहे आणि मध्ये फेरीबोट चालते.

शाळेत आम्हाला हे सांगताना एकच बाजू सांगत. देव वाचवला, धर्म राखला. पण काठावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. एका बाजूला शेतीवाडी, गावकरीतला वाटा, म्हातारी माणसे आणि पेरलेले भात. दुसऱ्या बाजूला देव आणि अनोळखी जमीन. पलीकडे जायचे तर पिढ्यान् पिढ्यांचे घर सोडायचे. राहायचे तर आज ना उद्या नाव बदलायचे, कारण १५५९ नंतर अनाथ मुलांना ताब्यात घेण्याचे हुकूम निघाले आणि १५६० साली इन्क्विझिशन आले. कोणी होडीत बसले, कोणी राहिले. एकाच घरातले भाऊ दोन काठांवर गेले. व्हर्मायरवर निदान तो कमांडर होता, इथे साधी कुळे होती.

आमच्या घरात सांगतात की आमचेही कोणी दिवाडीहून आले. कागद नाही, केवळ सांगणे आहे. आजी फेरीतून जाताना दिवाडीच्या बाजूला तोंड करून हात जोडायची. लहानपणी मला वाटायचे ती देवाला जोडते. देव तर अलीकडे होता! बऱ्याच वर्षांनी विचारले तेव्हा म्हणाली, "रावल्ले तांकां." राहिलेल्यांना.

राहिलेल्यांना आपण इतकी वर्षे भित्रे म्हणत आलो, गेलेल्यांना शूर. त्यांच्या बाजूने काही जण गेलेल्यांना अडाणी म्हणत आले. कॉन्रॅडच्या तक्रारीसारखीच ही चुकीची नोंद. लोकांनी मात्र ती आपापल्या परीने सुधारली आहे. डिचोलीतल्याच शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण या बहिणी मानल्या जातात. एकीच्या उत्सवाला दुसरीकडून तेल जाते, फुले येतात.

आठव्या दिवशी भाच्याला घेऊन नार्व्याला गेलो. २०२३ च्या फेब्रुवारीत जीर्णोद्धार पुरा झाल्यापासून देऊळ पुन्हा उजळ दिसते. समोर दीपस्तंभ, आत धारालिंग, आणि दारावर तो शिलालेख. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाच्या कामाला आरंभ झाला असे त्यात कोरले आहे. पुष्कळांना वाटते की देव इथे महाराजांनी आणला. नाही. देव आणणारे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे, बिननावाचे. त्यांचा शिलालेख नाही. राजाने पक्के देऊळ दिले, पण तोवर चार-पाच पिढ्या लोकांनी हा देव सांभाळला होता. याने महाराजांचे श्रेय तसूभरही कमी होत नाही, होडी वल्हवणाऱ्यांचे तेवढे परत मिळते.

भाचा दगड वाचत उभा होता. अक्षरे त्याला लागली, याचे मला बरे वाटले.

"मामा, प्रारंभ म्हणजे सुरुवातच ना? पुरं कधी झालं ते नाही लिहिलंय."

"नाही लिहिलं."

परतताना आम्ही मुद्दाम फेरीने दिवाडीवर गेलो. मध्यावर आल्यावर मी त्याला विचारले, त्या दिवशी शेवटी कुणाला वाचवलेस? म्हणाला, ॲश्लीला. जुनी सेव्ह ठेवली होती, मागे जाऊन केडनलाही वाचवता आले असते, पण नाही गेला.

"का?"

"मग आधीचं खोटं झालं असतं."

मी काही बोललो नाही. दिवाडीचा धक्का जवळ येत होता. मी आजीसारखे हात जोडले. त्याने कारण विचारले नाही, पण माझ्याकडे पाहून त्यानेही जोडले.