राखीगढीचे हाड आणि आपला 'मूलनिवासी' डीएनए

बीड जिल्ह्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात कुणीतरी हमखास म्हणतो, "आपण मूलनिवासी, हे डीएनएने सिद्ध झालंय." टाळ्या पडतात. आम्हीही त्या वाजवल्या आहेत.

पण मित्रांनो, प्राचीन डीएनए मिळतो कसा? पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या चमूने हरियाणातल्या राखीगढीत सिंधू संस्कृतीची दफनभूमी खोदली. उष्ण हवामानात हाडातला डीएनए तुटून नष्ट होतो. ६१ नमुने तपासले, कामाचा निघाला एक. एका स्त्रीचा. हाडाची पूड रसायनात विरघळवून उरलेसुरले तुकडे वेगळे करायचे, खोदणाऱ्याचाच डीएनए त्यात आला नाही ना हे पाहायचे. त्या एकाच नमुन्यावर शंभराहून अधिक वेळा ही खटपट केली, तेव्हा कुठे तिच्या जनुकांचा काही भाग वाचता आला.

सप्टेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष आला : तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. लगेच 'आर्य आलेच नाहीत' असा गाजावाजा झाला. त्याच आठवड्यात 'सायन्स'मधला शोधनिबंध सांगत होता, की तो अंश इ.स.पू. २००० नंतर भारतात आला.

हे ऐकून आपली माणसे खूश होतील. पण बाबासाहेबांनी १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धांतच नाकारला. जातीचे मूळ त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात दाखवले होते : जातीतल्या जातीत लग्न. २०१३ च्या एका जनुकीय अभ्यासात, ज्यात हैदराबादचे शास्त्रज्ञही होते, दिसले की सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले गट एकमेकांत मिसळत होते. मग ते थांबले.

पुढच्या वर्गात १९१६ चा तो निबंध वाचायला घेतला आहे.