शिक्कामोर्तबापासून ओटीपीपर्यंत

एखादी गोष्ट पक्की झाली की आपण सहज म्हणतो, 'शिक्कामोर्तब झाले'. हा शब्द दोन शब्दांचा बनला आहे आणि दोन्हींची कामे वेगळी होती. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर किंवा आरंभी उमटे तो शिक्का. हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले, ते तो सांगे. मजकूर संपला की अगदी शेवटी एक लहान मुद्रा उठवीत, ते मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबाचा अर्थच 'ही मर्यादा' असा होता आणि पेशव्यांच्या मोर्तबात 'लेखनसीमा' हा शब्द असे. लेखन येथे संपले, याखाली कोणी एक ओळ जरी वाढविली तरी ती खोटी समजावी, असा त्याचा हेतू.

पत्र लांब असेल तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत. मधलाच बंद काढून कोणी दुसरा घालू नये म्हणून सांध्यावर पाठीमागून मुद्रा उठवीत. अष्टप्रधानांतील सचिवाकडे राजपत्रे तपासून अधिकउणे अक्षर दुरुस्त करण्याचे काम होते. म्हणजे पत्र लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि शिक्का सांभाळणारा तिसरा. एकट्या माणसाने मनात आणले तरी खोटे पत्र सहज निघू नये, अशी ही व्यवस्था होती. शिक्केकट्यार म्हणजे अधिकाराची खूण. ती ज्याच्या हाती, त्याचा हुकूम चाले. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात असे शिक्केकट्यार आहेत. बँकेचे खाते, ईमेल, व्हॉट्सॲप, डिजिलॉकर, पेन्शनचा हयातीचा दाखला, साऱ्यांची चावी एका फोनमध्ये आहे. म्हणून हा जुना इतिहास आठवावासा वाटतो.

दुसऱ्याचे नाव घेऊन वावरण्याचे सर्वांत मोठे उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज शिंदे-होळकरांबरोबर माळव्यात आलेले, त्यामुळे पानिपत हे आपल्याला पुस्तकातले नाव नाही. भाऊ गेले यावर अनेकांचा विश्वास बसेना. पार्वतीबाईंनीही ते मानले नाही. या आशेचाच फायदा घेऊन 'मीच भाऊ' म्हणणारा एक इसम पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून चौकशी झाली. तो भाऊ नसून कनोजी ब्राह्मण असल्याचे निष्पन्न झाले आणि त्याला कैदेत टाकले. प्रकरण तेथे संपायला हवे होते.

पण १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला कैदेतून बाहेर काढून खरा भाऊ म्हणून उभे केले. पाहता पाहता कोकणातील बरेच किल्ले त्याच्याकडे गेले. शेवटी पुणे दरबारला महादजी शिंद्यांना त्याच्यावर पाठवावे लागले. तोतया पळाला, समुद्रमार्गे निसटू पाहताना राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. या प्रकरणातली खरी मेख अशी की, तोतया स्वतःच्या हुशारीने किल्ल्यात शिरला नाही. ज्याच्याकडे दाराची जबाबदारी होती, त्यानेच दार उघडले. पुढील दोनशे-अडीचशे वर्षांतही यात फारसा बदल झालेला नाही.

संगणकाच्या दुनियेत 'पासवर्ड', म्हणजे आपला परवलीचा शब्द, आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी सीटीएसएस नावाची संगणक व्यवस्था उभारली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक. तेव्हा प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. त्यालाही लगेच वाट फुटली. ॲलन शेर या विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळत. त्याने १९६२ मध्ये साऱ्या पासवर्डांची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. १९६६ मध्ये एका चुकीमुळे दोन फायलींची अदलाबदल झाली आणि यंत्र सुरू करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली.

यातून धडा असा मिळाला की यंत्राने पासवर्ड जसाच्या तसा साठवूच नये. त्याचे असे रूपांतर करून ठेवावे की त्यावरून मूळ शब्द उलटा काढता येणार नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये या विषयावर लेख लिहिला. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा २,८३१ म्हणजे ८६ टक्के सहज शोधता येण्याजोगे निघाले. कोणाचे एक-दोन अक्षरांचे, तर कोणाचे शब्दकोशात सापडणारे. नियतीचा खेळ असा की १९८८ मध्ये याच मॉरिस यांच्या मुलाने सोडलेला एक प्रोग्रॅम इंटरनेटवरील हजारो यंत्रांत पसरला, आणि सोपे पासवर्ड ओळखणे ही त्याची एक युक्ती होती.

२००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शिकेनंतर मोठे अक्षर, अंक, चिन्ह आणि वरचेवर बदल, हा नियम जगभर रूढ झाला. आम्हा सरकारी नोकरांना तो चांगलाच परिचयाचा. परिणाम काय झाला? नावापुढे '@१२३' लावायचे, दर वेळी शेवटचा अंक वाढवायचा आणि तोही विसरू नये म्हणून चिठ्ठी मॉनिटरला चिकटवायची. साहेबांचा पासवर्ड बाबूला ठाऊक, बाबूचा शिपायाला. सचिव, चिटणीस आणि शिक्केकट्यार वेगळे ठेवणाऱ्यांच्या आपण वंशजांनी ते पुन्हा एकत्र केले. २०१७ मध्ये त्याच संस्थेने आपला सल्ला बदलला. विनाकारण वारंवार बदल नको, शब्द लांब असावा, हे महत्त्वाचे.

भारतात १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाईन व्यवहाराला दुसरी खूण सक्तीची केली. पुढे ओटीपी घरोघरी पोचला. शिक्क्यानंतर मोर्तब, तसेच पासवर्डनंतर ओटीपी. त्याच वर्षी अमलात आलेल्या सुधारित माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६सी आले. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा ठरला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तोतयाला आता कायद्यात जागा मिळाली.

पण आजचा तोतया कुलूप फोडत नाही, दार उघडवून घेतो. ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून संदेश येतो, 'चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड गेला, पाठवता का?' तो कोड म्हणजे आपल्याच व्हॉट्सॲपची चावी असते. ती दिली की थोड्या वेळात आपल्या नावाने साऱ्या नातेवाइकांकडे 'तातडीने पैसे हवेत' असे संदेश जातात. आपल्या समाजात हा धोका अधिक आहे, कारण आपण एकमेकांना तीन-चार पिढ्या ओळखतो. काकूंच्या नावाने संदेश आला तर शंका घ्यायचे आपल्या जिवावर येते. पानिपतानंतर लोकांना हवी ती बातमी खरी वाटली. येथे आपुलकी आडवी येते.

तेव्हा बंदोबस्त कसा करावा? ओटीपी आणि कोड कोणालाही, घरच्या नावाने मागितला तरी, देऊ नये. पैसे मागणाऱ्याला आपण स्वतः फोन लावून आवाज ऐकावा. व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन लावावा आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहावे, अनोळखी यंत्र दिसले तर ते काढावे. सर्वांत जपायचे ते ईमेल, कारण बाकीच्या खात्यांचे विसरलेले पासवर्ड तेथूनच बदलतात. तो आपला जामदारखाना. त्याचा पासवर्ड लांब आणि इतर कोठेही न वापरलेला असावा. फोनचे नेटवर्क अकारण बराच वेळ गेले तर कोणी दुसरे सिम काढले नाही ना, हे कंपनीत विचारावे. आणि पैसे गेलेच तर लाज न धरता ताबडतोब १९३० वर कळवावे. जितके लवकर, तितकी रक्कम थांबण्याची शक्यता अधिक.

घरातील मुलांना हे सारे येते, वडीलधाऱ्यांना विचारायचा संकोच वाटतो. यंदा गौरी-गणपतीत सारे घरी जमतील, तेव्हा आरतीनंतर अर्धा तास आजी-आजोबांचा फोन हातात घेऊन एवढी कामे करून द्यावीत. पासवर्ड मात्र त्यांचा त्यांनीच ठरवावा, नातवानेही विचारू नये. लेखनसीमा.