सायकलची चेन, तेलाचा थेंब आणि आपला कारखानी पट्टा

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर बदलापूरच्या एका तरुण श्रोत्यानं विचारलं, “सर, सायकलच्या चेनला नेमकं कुठलं तेल घालायचं?” सभागृहात हशा पिकला. आम्हांला मात्र हा इतिहासाचा प्रश्न वाटला, म्हणून आज तोच घेऊ.

वंगण म्हटलं की आपल्या आजोबांच्या पिढीला बैलगाडी आठवायची. लोखंडी आस आणि चाकाचा तुंबा यांच्यात एरंडेल. जाड, ओझ्याखालीही धातूला धरून राहणारं. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा ‘कॅस्टर’वरून, म्हणजे एरंडेलावरूनच आलं. पण गाडीचं शहाणपण चेनला जसंच्या तसं लागू पडत नाही. का, ते पाहू.

मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली रोलर चेन सिद्ध केली. पाचच वर्षांत स्टार्लींची ‘रोव्हर’ सायकल आली आणि मागचं चाक चेननं फिरू लागलं. आज तुमच्या सायकलला आहे ती चेन मूळ त्याच कल्पनेची. प्रत्येक कडीत पिन, तिच्यावर बुश, बुशवर फिरणारा रोलर. खरी झीज होते पिन आणि बुश यांच्यामध्ये, जिथे डोळा पोचत नाही. वस्तू दिसते तशी असते का, हा प्रश्न आम्ही वर्गात जन्मभर शिकवला. चेनच्या बाबतीत उत्तर सोपं आहे: नसते. बाहेरून तेलानं चकाकणारी चेन आत कोरडी असू शकते. एरंडेल बाहेर चिकटून बसतं, आत शिरत नाही. खोबरेल तर थंडीत 24 अंशांखाली गोठतंच.

म्हणून पातळ खनिज तेल. अमेरिकेत न्यू जर्सीच्या जॉर्ज कोल यांनी 1894 मध्ये ‘थ्री-इन-वन’ तेल काढलं, ते सायकलसाठीच: साफ करणं, वंगण, गंजापासून बचाव, ही तीन कामं. पुढे तेच शिवणयंत्रांत गेलं. आपल्याकडे प्रवास उलटा झाला. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले, 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि शिवणयंत्रांची घरघर गल्लोगल्ली सुरू झाली. ज्या घरात शिवणयंत्र, त्या घरात मशीनच्या तेलाची बाटली. सायकललाही तेच! आत शिरायला उत्तम, पण पहिल्याच मोठ्या पावसात धुऊन जाणारं.

आणि पाऊस म्हणजे आपला पाऊस. उल्हास नदी काय करते ते 2005 आणि 2019 च्या जुलैत सगळ्यांनी पाहिलं. अंबरनाथच्या विमको काडेपेटी कारखान्यात, आयुध निर्माणीत, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये माणसं सायकलनं जायची. रात्रपाळीला निघालेल्या माणसाची चेन फाटकाशी तुटली तर प्रश्न तेलाचा राहत नसे, खाड्याचा होई. एका दिवसाची मजुरी. म्हणून लोक गॅरेजमधलं काळं पडलेलं इंजिन ऑइल थापायचे: जाड, फुकट, पावसात टिकणारं. त्यात लोखंडाची बारीक कीस असते, ती कड्यांत जाऊन कानशीसारखं काम करते, हे कोण सांगणार? चेनकव्हरनं पायजमा वाचवला खरा, पण आतली चेनही नजरेआड केली. (ते काळं तेल शेवटी नाल्यातून वालधुनीत जायचं, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

आता बाजारात ‘ड्राय’ आणि ‘वेट’ अशा महाग बाटल्या आहेत. नावं नवी, भेद जुनाच. ड्राय म्हणजे पातळ, धूळ कमी धरणारं, उन्हाळ्यासाठी. वेट म्हणजे घट्ट, पाण्याला दाद न देणारं, जून ते सप्टेंबर. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याला पावसाळ्यात वेट घ्यावं, एरवी मशीनचं तेल पुरेसं आहे, असं आमचं मत. डब्ल्यूडी-40 मात्र चेनचं तेल समजू नका. त्याच्या नावातच ‘पाणी हटवणारं’ असा अर्थ आहे. 1953 मध्ये ते त्याच कामासाठी बनलं. भिजलेली चेन सुकवायला बरं, पण त्यावर तेल घालावंच लागतं.

घालायचं कसं? आधी चिंधीनं चेन पुसा. पायडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा. शंभराच्या वर कड्या आहेत, घाई नको. घटकाभर थांबा, तेल आत जाऊ द्या. मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. इथेच लोक चुकतात, पुसलेलं तेल वाया गेलं असं त्यांना वाटतं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

आणि एक फूटपट्टी ठेवा. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे एका पिनेपासून चोवीस कड्या मोजल्या की पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. एक अष्टमांश इंच पुढे गेली, तर कुठलंही तेल घाला, उपयोग नाही. ती चेन फ्रीव्हीलचे दातही खाते. तरुण मित्रा, आज घरी गेल्यावर आधी हे मोजून पाहा, बाटली मग घे.