‘बंब’ ते बचाव: नाहूर परिसर आणि मुंबई अग्निशमन दल

आग विझवणाऱ्या गाडीला मराठीत ‘बंब’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, मूळ अर्थ पाणी उपसण्याचा पंप. अग्निशमन केंद्राला जुनी मुंबई ‘बंबखाना’ म्हणत असे. पाणी मारणारे लोक, ही या खात्याची ओळख त्या शब्दानेच घडवली. खाते तिच्यातून केव्हाच बाहेर पडले. लोकांच्या मनातून मात्र ती अजून गेलेली नाही.

कायद्यानेही आरंभी तेवढेच मागितले होते. पूर्वी आगीचा बंदोबस्त पोलिसांकडे असे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने अग्निशमन दल राखणे आणि आगीच्या प्रसंगी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. त्या काळी नाहूर हे मुंबईबाहेरचे खेडे होते. १९५७ मध्ये शहराची हद्द मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा भांडुप-मुलुंडच्या मधला हा पट्टा पूर्णपणे मुंबईत सामावला.

हा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहावा. आधी डोंगराचे उतार आणि त्यांवर चढत गेलेल्या वस्त्या. मग लालबहादूर शास्त्री मार्ग, त्याच्या कडेचे कारखाने आणि कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर. मग लोहमार्ग, द्रुतगती महामार्ग, मिठागरे आणि खाडी. चार-पाच किलोमीटरांत दरड, धूर, रेल्वे अपघात, रसायने आणि पूर या साऱ्यांची शक्यता एकत्र नांदते. त्यांपैकी निम्म्या प्रसंगी पाण्याच्या पंपाचा काही उपयोग नाही.

पंप अपुरा पडतो, हे मुंबईला फार मोठी किंमत देऊन कळले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. त्याच जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही. जवान पाणी मारत राहिले. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ. नळी सोडण्यापूर्वी आत काय साठवले आहे ते विचारणे, हा आजच्या प्रशिक्षणातला पहिला धडा आहे.

उपनगरांतले प्रसंग वेगळ्या जातीचे. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात मुसळधार पावसात दरड कोसळली आणि ७० हून अधिक माणसे गेली. अशा उतारावरच्या बोळात यंत्र शिरत नाही. फावडी, घमेली आणि हात एवढ्यावरच काम चालते. शिवाय भिजलेल्या मातीचा पायथा उकरला तर वरचा भाग पुन्हा घसरू शकतो. म्हणून कुठे खणायचे याइतकेच कुठे खणायचे नाही, हेही ठरवावे लागते.

त्याच घाटकोपरात १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अजस्र फलक कोसळला. पालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांना परवानगी देते. हा १२० बाय १२० फुटांचा होता. १७ जणांचा मृत्यू झाला. खाली माणसे आणि वाहने दबलेली, वर लोखंडी सांगाडा. लोखंड कापायला गॅस कटर हवा. पण जमिनीखाली पेट्रोलच्या टाक्या आणि हवेत वाफा. एक ठिणगी पडली असती तर बचावाचे रूपांतर अग्निकांडात झाले असते. म्हणून सुरुवातीला कटर बाजूला ठेवून क्रेनच्या साहाय्याने सांगाडा उचलावा लागला. अग्निशमन दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांचे हे काम साठ तासांहून अधिक चालले. पुढे कापणी सुरू असताना एकदा आग लागलीच. शेजारी उभ्या बंबांनी ती तत्काळ विझवली. तिथे बंबाचे काम होते ते एवढेच: इतरांना काम करता यावे म्हणून सज्ज राहणे.

याखेरीज रोजची किरकोळ म्हणवली जाणारी कामे आहेतच. पावसाळ्यातली झाडपडी, अडकलेली लिफ्ट, रस्त्यावर सांडलेले तेल, संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात गुरफटलेले पक्षी. पक्ष्यासाठी शिडी लावण्याला हसणारे पुष्कळ असतात. उंचीवर तोल सांभाळण्याचा सराव असा फुकट दुसरीकडे कुठे होत नाही, हे त्यांना ठाऊक नसते.

आग संपली असे नव्हे. तिचे रूप बदलले. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास ही जळती इमारत कोसळली. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई या चौघा अधिकाऱ्यांना त्या दुर्घटनेत प्राण गमवावे लागले. मार्च २०२१ मध्ये नाहूरच्या शेजारी, भांडुपच्या ड्रीम्स मॉलला मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली. वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय होते. रुग्णांपर्यंत ज्वाळांच्या आधी धूर पोहोचला. स्वतःच्या पायांनी चालू न शकणाऱ्यांना बाहेर काढणे हे जवानांचे पहिले काम ठरले. तरीही नऊहून अधिक रुग्ण दगावले.

टॉवरांचा प्रश्न याहून अवघड. दलाच्या सर्वांत उंच शिडीची पोच ९० मीटर. त्यापुढच्या मजल्यांवर जवानांना जिन्यानेच चढावे लागते आणि पाणी द्यावे लागते ते त्या इमारतीच्याच पंपाने आणि नळांनी. ती यंत्रणा गंजलेली असेल तर खाली उभा असलेला अत्याधुनिक बंब निरुपयोगी ठरतो. म्हणून २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ही जबाबदारी मालक व भोगवटादारांवर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाला सादर करायचे असते.