बॉम्बे रक्तगट : हरवलेल्या ‘एच’चा शोध

शाळेत रक्तगट तपासणीचे शिबिर झाले, की ए, बी, एबी, ओ असे चार रकाने आखून आपण मोकळे होतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरात काय, किंवा तुमच्या गावी काय, पद्धत हीच. पण ‘ओ’च्या रकान्यातले एखादे नाव तिथले नसू शकते, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. हे प्रथम लक्षात आले ते मुंबईत.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. काही व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए नव्हता, बीही नव्हता. म्हणजे गट ‘ओ’ ठरावा. पण त्यांच्या रक्तद्रवाने ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या होत! ए आणि बी ज्या ‘एच’ प्रतिजनावर रचले जातात, तो पायाच या पेशींवर नव्हता. ‘ओ’ पेशींवर तो भरपूर असतो. म्हणून अशा माणसाला ‘ओ’ रक्त दिले, तर त्याचे प्रतिपिंड त्या पेशी फोडून टाकतात. भारतात सुमारे दहा हजारांत एक माणूस या ‘बॉम्बे’ गटाचा असतो. वडिलांचा गट एबी आणि मुलाचा ‘ओ’ लिहिला गेला, की घरात नको त्या शंका निघतात. त्यामागे कधी हाही गट असतो. आई-वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच तो दिसतो.

बिघाड नेमका कोणता, हे कळायला चार दशके लागली. ‘एच’ घडवणाऱ्या विकराचे जनुक, एफयूटी१, १९९० मध्ये हाती आले. मग सर्वसाधारण क्रम वरच्या ओळीत, बॉम्बे व्यक्तीचा खालच्या ओळीत मांडून तीन-तीन अक्षरांनी ताडून पाहायचे, इतके ते काम सोपे झाले (सांगायला सोपे!).

१९९४ मध्ये एका बॉम्बे व्यक्तीत ९४८ वे अक्षर बदललेले आढळले. ९४८ ला तीनने भागा : ३१६ व्या त्रिकाचे शेवटचे अक्षर. टीएसीचे टीएजी झाले होते. टीएसी म्हणजे टायरोसिन जोडा. टीएजी म्हणजे थांबा. ३६५ अमिनो आम्लांच्या विकरातली शेवटची ५० जोडलीच गेली नाहीत.

१९९७ मध्ये जपानी संशोधकांना भारतीय बॉम्बे व्यक्तींत निराळेच दिसले. ७२५ वे अक्षर टीऐवजी जी. पुन्हा भागाकार : २४१ त्रिके पूर्ण, उरले दोन, म्हणजे २४२ व्या त्रिकाचे मधले अक्षर. ल्युसिनच्या जागी आर्जिनिन बसले. विकराची लांबी पूर्ण, पण काम बंद. शेजारचे एफयूटी२ जनुक, जे लाळेत ‘एच’ आणते, ते तर अख्खेच गळालेले होते. आम्हांला हे उदाहरण फार आवडते, कारण एकाच माणसात अक्षरबदल आणि लोप ही दोन्ही उत्परिवर्तने दाखवता येतात.

तैवानमधील पॅरा-बॉम्बे व्यक्तींत एफयूटी१मधली दोनच अक्षरे गळालेली सापडली. गळती तीनच्या पटीत नसल्याने तिथून पुढची सारी त्रिके सरकतात. वर्गात फळ्यावर तीन-तीन अक्षरी शब्दांचे वाक्य लिहून त्यातली दोन अक्षरे पुसा, मुले लगेच हसतील.

रक्तपेढीत मात्र अक्षरे वाचत बसायला वेळ नसतो. तिथे आजही रक्तद्रव ‘ओ’ पेशींत मिसळून पाहतात. गुठळी झाली, तर ‘अँटी-एच’ने पेशी तपासून खात्री करतात आणि मग बॉम्बे गटाचाच दाता शोधतात. शाळेच्या शिबिरात काचपट्टीवर ‘अँटी-ए’ आणि ‘अँटी-बी’चे थेंब टाकतात, तेव्हा ही तपासणी होत नाही.