वसईचे गोन्सालो, नागासाकीची वही आणि आपल्या घरातली आरती

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या गणपतीत माझी बारा वर्षांची लेक आरतीच्या मध्येच थांबली. म्हणाली, "आई, मला यातला एक शब्द कळत नाही. मग मी का म्हणू?" तिची शाळा जपानी, मैत्रिणी जपानी. मी काय केलं? चिडले. पाहुण्यांसमोर म्हटलं, "म्हणायची म्हणजे म्हणायची." ती गप्प बसली. रात्री भांडी घासताना मला वाईट वाटत राहिलं, कारण तिचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तराचा धागा मिळाला मे महिन्याच्या सुट्टीत, नागासाकीला.

माझं माहेर वसईचं. गोन्सालो गार्सिया हे नाव मी लहानपणापासून ऐकलेलं, त्यांच्या नावाचं कॉलेजही आहे तिथे. पण हा माणूस जपानमध्ये वारला, हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले गोन्सालो तरुणपणी इथे आले, उत्तम जपानी शिकले आणि पुढे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषे झाले. हिदेयोशीच्या हुकुमावरून त्यांना आणि इतरांना पकडलं, ऐन हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत काही कोवळी जपानी मुलंही होती. आज तिथे २६ पुतळे एका रांगेत उभे आहेत. लेकीला म्हटलं, "यातले एक आपल्या वसईचे." ती बराच वेळ बघत उभी राहिली.

या धर्माचा जपानकडे येणारा रस्ताही आपल्याच किनाऱ्यावरून गेला. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरले, ते गोव्यातून निघून. सोबत अंजिरो नावाचा जपानी माणूस होता, त्याचा बाप्तिस्मा गोव्यातच झालेला. त्या पोर्तुगीज काळाची एक खूण तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात आहे. जपानी लोक ब्रेडला 'पान' म्हणतात, आपण 'पाव'. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दातून आले.

पुढचा इतिहास मात्र वेगळा झाला. गोव्यात सत्ता पोर्तुगिजांची होती. देवळं पाडली गेली, इन्क्विझिशन आलं. तो भाग आपण विसरू नये. जपानमध्ये सत्ता विरोधात गेली. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने या धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हाकललं किंवा मारलं. नागासाकीत लोकांना दर वर्षी येशू-मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवून 'आम्ही ख्रिस्ती नाही' हे सिद्ध करावं लागे. प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात. तरीही काही गावांनी हा धर्म सुमारे अडीचशे वर्षं घरात सांभाळला. धर्मगुरू नाही, चर्च नाही, छापील पुस्तक नाही.

कसा सांभाळला? इथे माझ्यातली सीए जागी झाली. त्यांनी कामं वाटून घेतली होती! एक जण 'मिझुकाता', म्हणजे पाण्याचं काम बघणारा, बाळांना बाप्तिस्मा देणारा. एक जण घरोघर निरोप पोचवणारा. आणि सगळ्यांत वर 'चोकाता', म्हणजे वही सांभाळणारा. ऑफिसात आम्ही हिशेबाच्या वहीला 'चोबो' म्हणतो, त्यातला 'चो' तोच. हा माणूस सणांचं कॅलेंडर सांभाळायचा. कधी उपास, कधी नाताळ, कोणत्या दिवशी काम करायचं नाही, सगळं त्याच्याकडे. बाहेरून पाहिलं तर कान्नोनची मूर्ती, घरातल्यांसाठी ती माता मेरी. प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत. मूळचे लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द तोंडातोंडी इतके झिजले की पुष्कळ ठिकाणी म्हणणाऱ्यालाही अर्थ कळेना. तरी म्हणत राहिले.

१७ मार्च १८६५. नागासाकीत परदेशी लोकांसाठी नुकतंच ओउरा चर्च उभं राहिलं होतं. उराकामी गावचे काही लोक आत आले आणि एका बाईने फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. मग तिने मेरीची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. बोलता बोलता कळलं की चर्चमध्ये उपासकाळ चालू होता आणि तो त्यांच्याही घरी चालू होता. अडीचशे वर्षांनी दोन वह्या जुळल्या! इतक्या वर्षांचा हिशेब कुणी असा जुळवून दाखवला तर आम्ही सीए लोक उभं राहून टाळ्या वाजवू.

म्हणून सगळं गोड झालं असं नाही. उघड झाल्यावर उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना हद्दपार केलं, त्यात शेकडो मेले. बंदी उठली १८७३ मध्ये. आणि ९ ऑगस्ट १९४५ चा अणुबॉम्ब याच उराकामीवर फुटला.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. बंदी उठल्यावर बरेच जण चर्चमध्ये परतले. काही घराण्यांनी मात्र पूर्वजांचीच रीत धरून ठेवली. इकित्सुकी बेटावर ओराशो म्हणणारे थोडे लोक आजही आहेत. २०१८ मध्ये या भागातल्या जागा जागतिक वारसा झाल्या, पण ही मंडळी कमी होत चालली आहेत. आता बंदी नाही की शिक्षा नाही. मुलं शिकायला, नोकरीला शहरात गेली आणि घरातलं काम पुढे घ्यायला कोणी उरलं नाही. जे छळाने संपलं नाही ते सोयीने संपतंय. वाचताना तुम्हाला कोणाची आठवण आली? मला माझीच आली.

आता लेकीचा प्रश्न. अर्थ न कळता म्हटलेलं टिकतं, हे नागासाकीने दाखवलं. पण त्यांना अर्थ सांगायला कोणी उरलं नव्हतं, आपण आहोत. जपानमध्ये बंदी आली त्यानंतर दोनच वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं, ओवीबद्ध मराठीत. परक्या देशातून आलेल्या त्या माणसाने ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगण्याचे कष्ट घेतले. माझ्याच मुलीसाठी मी तेवढे घेतले नव्हते.

म्हणून यंदा दोन गोष्टी ठरवल्यात. एक, आरतीचा अर्थ आम्ही दोघी बसून जपानीत लिहितोय. सात ओळी झाल्यात, तीन ठिकाणी मलाच अडायला झालं! दुसरी, घरातली 'चोकाता' आता ती. सणांची वही तिच्याकडे: तिथी बघायची, सामानाची यादी करायची, कोणाला बोलवायचं ते ठरवायचं. परवा ऑफिसात मेसेज आला, "आई, चतुर्थीला तू सुट्टी टाकलीस का?"

ती मोठी होऊन हे चालू ठेवेल का? माहीत नाही. पण मुलांना नुसता उपदेश केला की ती ऐकून सोडून देतात, काम दिलं की निदान वही उघडतात.

तुमच्या घरात ही वही कोणाकडे आहे? नक्की लिहा. आणि उत्तर 'फक्त आईकडे' असेल, तर या गणपतीच्या आधी ती कोणाच्या तरी हातात द्या.