कृश प्रौढांतील मधुमेह : 'कमी खा' हा सल्ला घातक

कुपोषण म्हटले की मेळघाटातील बालके डोळ्यांसमोर येतात. प्रौढांच्या कुपोषणाकडे मात्र दुर्लक्ष होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार बॉडी मास इंडेक्स १८.५ पेक्षा कमी असल्यास प्रौढ व्यक्तीचे वजन अपुरे मानले जाते. १६० सेंटिमीटर उंचीसाठी ही मर्यादा सुमारे ४७ किलो येते.

संप्रेरकांवरील परिणाम

अन्न अपुरे पडले की शरीर ऊर्जेची बचत करू लागते. थायरॉइडचे 'टी-३' संप्रेरक घटते, कॉर्टिसॉल वाढते, प्रजननाशी संबंधित संप्रेरके मंदावतात. त्यामुळे स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. पोषण सुधारल्यावर हे बदल बहुधा पूर्ववत होतात. म्हणूनच केवळ 'टी-३' कमी आढळले, या कारणास्तव थायरॉइडच्या गोळ्या सुरू करणे योग्य नव्हे.

'टाइप ५' मधुमेह

दीर्घकाळच्या कुपोषणाचा संबंध मधुमेहाशीही आहे. जमैकामध्ये १९५५ साली अशा रुग्णांचे वर्णन झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये या आजाराला स्वतंत्र वर्ग दिला; १९९९ मध्ये तो वगळला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधनातून २०२२ मध्ये असे दिसले की, या रुग्णांत मुख्य दोष इन्शुलिनच्या अपुऱ्या निर्मितीचा असतो. स्थूल मधुमेहींप्रमाणे इन्शुलिनला दाद न देण्याचा नव्हे. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली.

उपचारातील दक्षता

यवतमाळलगतच्या लोहाऱ्यासारख्या गावातील एखादा कृश, कष्टकरी तरुण वाढलेली साखर घेऊन दवाखान्यात आला, तर त्याला 'टाइप १' समजून इन्शुलिनची मोठी मात्रा दिली जाण्याचा धोका असतो. पुढच्या जेवणाची शाश्वती नसलेल्या माणसाची साखर त्यामुळे एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते. उलट 'टाइप २' समजून आहार तोडला, तर कुपोषण बळावते. यासाठी वजन, आहाराचा इतिहास, सी-पेप्टाइड व प्रतिपिंडांची चाचणी यांचा एकत्रित विचार व्हावा. वजन घटण्यामागे क्षयरोग नाही ना, हेही पाहावे.

डाळ, कडधान्ये, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने व पोटभर आहार हा उपचाराचा पाया होय. औषधाची मात्रा त्याच्या जोडीने डॉक्टरांनी ठरवावी. अत्यंत कुपोषित रुग्णाला मात्र एकदम भरपूर अन्न देऊ नये. त्याने इन्शुलिन उसळून रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घसरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णाला रुग्णालयात, आधी थायमिन (जीवनसत्त्व ब-१) देऊन, आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो.

बारीक माणसाला मधुमेह होत नाही, हा समज सोडावा. अशा रुग्णाची साखर मोजण्याबरोबरच त्याच्या घरी रोज काय शिजते, हे विचारणेही तपासणीचाच भाग आहे.